तांबड्या रेघेवरचा जॉगिंग ट्रॅक

संपादकांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, लेख कामाच्या अनुभवावर हवा. दोन, जरा सकारात्मक लिहा, दिवाळीचे दिवस आहेत. पहिली अट पाळतो. दुसरीचं बघू.

मी मोजणीदार. जमीन मोजायची, उंचसखल काढायचं, नकाशा करायचा आणि खाली सही ठोकायची, हा माझा जन्मभराचा धंदा. दौंडला स्टेशनाजवळ सायकलच्या दुकानावर एक खोली होती, तीच कचेरी. लोक मला मास्तर म्हणतात. शाळेत मी एक दिवस शिकवलेलं नाही, पण आमच्या भागात हातात लाकडी पट्टी दिसली की माणूस मास्तर होतो. माझी पट्टी चांगली दोन पुरुष उंच होती, त्यामुळे मानही जरा जास्त मिळाला.

ही पट्टी उभी धरायला किसन नावाचा माझा माणूस होता, माझ्याहून वयानं मोठा आणि माझ्याहून शहाणा. तो लांब पट्टी धरून उभा राहायचा आणि मी तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचो. त्या दुर्बिणीला लेव्हल म्हणतात. जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं, पाय वर आणि डोकं खाली. नव्या माणसाला चक्कर येते. मी तीस वर्षं तालुक्यातल्या मोठमोठ्या लोकांना उलटं बघितलं आहे आणि खरं सांगतो, काही जण तसेच जास्त बरोबर वाटले.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक एक नग. न्हावऱ्याच्या दोन भावांनी बांधावरच्या लिंबासाठी सहा वर्षं एकमेकांच्या दारचं पाणी घेतलं नव्हतं. लिंब कुणाचा, ते सांगायला मला बोलावलं. मोजणीदार येणार म्हटल्यावर बायकांनी चहा ठेवला आणि बाप्यांनी काठ्या काढून ठेवल्या. दिवसभर मोजलं. लिंब रस्त्याच्या हद्दीत निघाला, दोघांचाही नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एका बाजूला उभे राहिले आणि दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या.

इनामगावच्या एका शेतकऱ्याची चिंता वेगळीच. तिथं घोड नदीच्या काठावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं खोदून काढली, ते सगळ्यांना माहीत आहे. हा पठ्ठ्या मला विचारतो, "मास्तर, त्या म्हाताऱ्यांच्यातलं येखादं घर माझ्या गटात निगंल का? निघालं तर वारस म्हून माझं नाव लावता यील." मी म्हटलं, त्यांच्यापैकी कुणाचा दाखला आण. पण खोदकामावरच्या एका माणसानं तेव्हा सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. त्या म्हाताऱ्यांनी पुराच्या पाण्याला आडवा मोठा बांध घातला होता म्हणे. शाळा नाही, कॉलेज नाही, छापील कागद नाही, तरी त्यांना नदी कळत होती. पुढे माझी गाठ शिकलेल्या लोकांशी पडली.

कासुर्डीच्या एका गृहस्थांना त्यांची जमीन 'हायवे टच' करून हवी होती. मध्ये दुसऱ्याचं शेत होतं, तेवढीच अडचण. म्हणाले, "नकाशात जरा पुढं सरकवा की." म्हटलं, दादा, मी मोजणीदार आहे, ट्रॅक्टर नाही. हा 'टच' शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. तेव्हा हसलो होतो.

नव्वदीच्या मध्यावर भीमेच्या काठाला पुण्याची एक कंपनी आली. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. दौंडच्या पलीकडे, शिरूर तालुक्याच्या हद्दीत, न्हावऱ्याकडून खाली उतरलं की नदीला लागून लांबलचक काळी जमीन होती. तिथं म्हणे शहर होणार. नदीकाठी बंगले, बंगल्यांच्या मागे बाजार, बाजाराच्या वर ऑफिसं, शेजारी हॉटेल, दवाखाना, इंग्रजी शाळा, सिनेमा, पोहायचा तलाव आणि नदीत होड्या. एकाच कुंपणात माणसानं जन्मावं, शिकावं, कमवावं, खर्चावं आणि मरावं, अशी सोय. मरायची सोय कागदावर नव्हती, ती पुढे नदी करू बघणार होती.

कंपनीचे साइटवरचे साहेब म्हणजे बन्सल. गोरेपान, हसतमुख, पायात पांढरे बूट. नदीकाठच्या चिखलात पांढरे बूट घालून येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माणूस वाईट नव्हता. ज्याला त्याला 'जी' लावायचा, चहा स्वतः ओतून द्यायचा, आणि पाणी हे नळाला येतं एवढीच पाण्याबद्दल त्याची समजूत होती.

मला काम दिलं सगळ्या जमिनीची उंचसखल काढायचं आणि पुराची रेषा आखायचं. ते कसं करतात ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नदीच्या नकाशावर दोन रेघा मारतात. निळी रेघ म्हणजे नेहमीचा मोठा पूर जिथवर येतो ती. तांबडी रेघ म्हणजे पिढी-दोन पिढ्यांतून एकदा जो पूर येतो, त्याची हद्द. निळीच्या आत बांधायचं नाही. तांबडीच्या आत बांधायचं तर शंभरदा विचार करून. आता हा जुना पूर कुठवर आला होता, हे नदी लिहून ठेवत नाही. ते जुन्या माणसांना विचारावं लागतं. म्हणून मी धुळाआबांकडे गेलो.

धुळाआबा धनगर. तरुणपणी मेंढरं घेऊन चार जिल्हे पालथे घातलेले, पुढे मेंढरं विकून वरच्या अंगाला विहीर पाडून कांदा करणारे. त्यांनी मला नदीकडेच्या एका म्हाताऱ्या बाभळीपाशी नेलं आणि काठीनं वरची फांदी दाखवली. बेचक्यात वाळकं गवत, काटक्या, एक चिंधी असा जुना झुपका अडकलेला होता.

"मास्तर, ह्यो झुपका पाखराचा न्हाई. पान्यानं ठिवलाय. मी नव्या नवरीला घिऊन आलो त्या साली हितवर पानी व्हतं. तिथनं म्होरं ह्या बाभळीच्या खाली आमी मेंढरांचा वाडा कवा बसवला न्हाई."

"इतक्या वर्षांत परत आलं का पाणी?"

"आलं न्हाई म्हून काय झालं? मुकं जनावर हाय. त्याला काय दिसतंय पानी येतंय का न्हाई? त्याचं पाप आमाला लागतंय."

त्या झुपक्याच्या उंचीला पट्टी लावून मी आकडा घेतला. गावातल्या आणखी दोन-तीन खुणा पडताळून बघितल्या, त्याही जुळल्या. मग तीच पातळी धरून किसन आणि मी आठ दिवस नदीकाठानं खुंट्या मारत गेलो. खुंटीपासून खुंटीला पांढरी फक्की ओढली. शेवटच्या दिवशी मी वरच्या अंगाला उभं राहून बघितलं. नदीबरोबर वळत गेलेली, कुठं तसूभर वर नाही, तसूभर खाली नाही, अशी रेघ. माझं मलाच कौतुक वाटलं. नकाशावर ती तांबड्या शाईनं काढली, आणि रेघेच्या खालच्या पट्टीवर गावकरी म्हणतात ते नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं: मळई.

मळई म्हणजे नदीनं आणून टाकलेल्या गाळाची जमीन. काळीभोर, लोण्यासारखी मऊ. काहीही पेरा, येतं. फक्त एवढंच की, नदीनं दिलेली असते आणि तिला वाटेल तेव्हा ती घेऊन जाते. आमच्याकडे मळईवर लोक काकड्या, कलिंगडं लावतात. खोपटंसुद्धा बांधत नाहीत. ही मळई गावातल्या चौघांची होती आणि त्यांनी ती हसत हसत कंपनीला दिली. नदी कधीही नेईल अशी जमीन शहरातल्या माणसाच्या गळ्यात घालणं, याला आमच्याकडे व्यवहारज्ञान म्हणतात.

बन्सलसाहेबांनी नकाशा पसरला आणि बोट नेमकं त्या शब्दावर ठेवलं.

"ये क्या लिखा है मास्तरजी? मलई?"

"मळई," मी म्हटलं.

"वही तो! मलई! अरे वा! गांववाले इस जमीन को मलई बोलते हैं?"

आता बघा. 'ळ' हे अक्षर साहेबांच्या जिभेवर नव्हतं, यात त्यांचा काय दोष? मला एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, मलई नाही, मळई, गाळ. बोललो नाही. किसननं माझ्याकडे बघितलं, मी किसनकडे बघितलं, आणि दोघांनाही हसू आवरेना. म्हटलं, "हां साहब, बोलते हैं."

महिन्याभरात न्हावऱ्याच्या चौकात बोर्ड लागला. 'मलई रिव्हर सिटी. नदी की मलई, आपके नाम.' खाली सोनेरी वाटीतून साय ओघळते आहे असं चित्र. एसटीची वाट बघणारी माणसं बोर्ड वाचायची आणि पोट धरून हसायची. चहाच्या टपरीवर मी हा किस्सा किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. बन्सलसाहेबांचा पांढरा बूट आणि 'वही तो!' मी नक्कल करून दाखवायचो. अख्ख्या तालुक्याला 'मळई'चा अर्थ माहीत होता. ज्यांना माहीत असणं गरजेचं होतं, तेवढ्यांना सोडून.

दुसरा विनोद याहून मोठा. माझी तांबडी रेघ नदीकाठच्या सोळा बंगल्यांच्या पाठीमागून जात होती, म्हणजे सोळाही बंगले पुराच्या हद्दीत. मी ते बन्सलसाहेबांना स्पष्ट सांगितलं. हे मात्र सांगितलं, त्याचं श्रेय मला द्या. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "लाइन को थोडा नदी की तरफ सरका दो ना."

"साहेब, रेघ सरकवायला खोडरबर पुरेल. नदीचं काय करायचं?"

ते दिलखुलास हसले. रेघ मी सरकवली नाही. नकाशा तसाच दिला, सही करून. वाटलं, जिंकलो. पुढच्या आठवड्यात साइटवर गेलो तर माझ्या खुंट्यांवरून मुरूम पसरणं चाललेलं. साहेब खूश.

"मास्तरजी, आपकी लाइन एकदम लेव्हल है! न चढाव, न उतार. इसपे तो जॉगिंग ट्रॅक बनेगा!"

समपातळीची रेघ सपाट असणारच. पुराची हद्द होती ती, पळायला चांगली निघाली. छापील माहितीपत्रकात माझाच नकाशा छापला, रंग बदलून. तांबड्या रेघेच्या जागी दोन्ही बाजूंना झाडं, त्यावरून पळणारी एक बाई, तिच्या मागे कुत्रं. नदीकडच्या सोळा बंगल्यांना नाव दिलं 'रिव्हर टच'. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, सर्वेक्षण म्हणून, माझं नाव आणि माझी सही.

मी काय केलं? माहितीपत्रक खिशात घातलं आणि टपरीवर जाऊन नवा किस्सा सांगितला. कंपनीच्या दुसऱ्या टप्प्याची मोजणी माझ्याकडे येणार होती, हेही सांगून टाकतो. लेखात काय लपवायचं!

आता वानखेडे. हे नाव घेताना माझी मस्करी बंद होते, वाचकांनी समजून घ्यावं.

वानखेडे रेल्वेत गार्ड. मूळचे वऱ्हाडातले, नोकरीनं दौंडला आले आणि माझ्या खोलीखालच्या दुकानात सायकलची हवा भरता भरता माझे मित्र झाले. बौद्ध समाजातला, शिकलेला, वाचनवेडा माणूस. ड्यूटीवर ब्रेक-व्हॅनमध्ये कंदील, झेंडी आणि पुस्तक. आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरात काढलेलं, दर बदलीला पहिल्या पुस्तकांच्या पेट्या निघायच्या आणि मग संसार. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर नंबर. वहिनी म्हणायच्या, "घर झालं तं या पेट्यायचंच होईन, आपण बाहेर झोपू." वर्षानुवर्षं वानखेड्यांचं एकच बोलणं: पुस्तकांसाठी वेगळी खोली असेल असं स्वतःचं घर.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना ते जिना चढून वर आले. हातात तेच माहितीपत्रक.

"मास्तर, इथं खाली तुमचं नाव दिसून राहिलं मले. तुमचीच सही होय न?"

"माझीच."

"मंग झालं. बाकी कोनाले विचारायची गरज नाही." त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि रिव्हर टचमधल्या सातव्या बंगल्यावर बोट ठेवलं. "हे आपलं घर. नदीकडची खोली पुस्तकायची. हिनं खिडकीचा पडदा बी ठरवला." मग हसत म्हणाले, "नाव मोठं गोड ठेवलं बाप्पा. मलई म्हणजे सायच न?"

आणि मी म्हणालो, "सायच. दुधावरची."

सांगणार होतो हो. दुसऱ्याच वाक्याला सांगणार होतो. किस्सा असाच रंगवायची सवय लागली होती, आधी 'साय' म्हणायचं, समोरचा फसला की मग खरं काय ते फोडायचं. पण समोरचा हसला नाही. तो मनातल्या मनात त्या खोलीत पुस्तकं लावत बसला होता, कुठल्या भिंतीला चरित्रं आणि कुठल्या भिंतीला इतिहास. मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, तांबडा पूर काय रोज येतो का, आबा नवरी घेऊन आले तेव्हा आला होता, आता त्यांना नातसुना आल्या. मी नकाशात लिहिलं आहे. माझी रेघ आहे. कुणी वाचली नाही तर मी काय करू? असं मनाशी घोळवत राहिलो आणि सातव्या बंगल्याच्या गृहप्रवेशाला गेलो. बुद्धवंदना झाली, खीर झाली. वानखेड्यांनी मला पुस्तकांच्या खोलीत नेलं, खिडकी उघडली आणि नदी दाखवली. "तुमच्या सहीवर घेतलं," ते सगळ्यांना सांगत होते. मी खीर दोनदा घेतली.

शहर काही झालं नाही. सोळा बंगले, क्लब, पोहायचा तलाव, एक कमान आणि जॉगिंग ट्रॅक. बाजार, दवाखाना, सिनेमा सगळं बोर्डावरच राहिलं. दुसरा टप्पा आलाच नाही, म्हणजे ज्याच्यासाठी मी तोंडात गुळणी धरली तेही मिळालं नाही. बन्सलसाहेब बदलून दुसरीकडे नवं शहर करायला गेले. पण वानखेडे सुखात होते. रोज पहाटे माझ्या रेघेवरून चार फेऱ्या मारायचे. धुळाआबांशी त्यांची दोस्ती जमली. आबा ट्रॅकच्या वरच्या कडेला बसायचे आणि वानखेडे त्यांना पेपर वाचून दाखवायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात वर मावळात पाऊस उघडायचं नाव घेईना. धरणं भरली, पाणी सोडलं, आणखी सोडलं. दुपारी बाराच्या सुमाराला धुळाआबा काठी टेकत सातव्या बंगल्यात गेले. ही हकिगत मला वहिनींनी नंतर सांगितली.

"सायेब, ताई, चला. उठा. पान्याचा रंग बदाललाय."

वानखेडे खिडकीत जाऊन बघून आले. म्हणाले, "आबा, भेऊ नका. मास्तरायची सही हाय. इथवर पानी येत नाही."

"सही मास्तराची हाय वो. पानी नदीचं हाय."

वानखेडे हलायला तयार नव्हते. शेवटी आबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, वहिनींच्या हातातली परडी घेतली आणि "ताई, तुमी चला, त्यो येतोय मागनं" म्हणून चालू लागले. वहिनी निघाल्यावर वानखेडेही निघाले. बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांची एक पेटी एवढं घेतलं. दुसऱ्या पेटीसाठी माघारी फिरले तेव्हा अंगणात पाणी होतं. माणसं सगळी वाचली. सोळाच्या सोळा घरांतली. आबांनी दार वाजवलं नाही असं एक घर नव्हतं.

नदीवरचा पूल खुला झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेलो. कमानीपाशी गाडी ठेवली आणि चालत खाली आलो, आणि जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवला तसा थांबलो. पूर जिथवर चढतो तिथं कचऱ्याची एक कड सोडून जातो, गवत, काटक्या, चपला, प्लास्टिक. ती कड ट्रॅकवर पडली होती. माझ्या रेघेच्या वळणाला वळण, ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. चार बोटं वर नाही, चार बोटं खाली नाही. तीस वर्षांच्या धंद्यातलं माझं सगळ्यांत अचूक काम. खोटं कशाला सांगू, क्षणभर छाती फुगली. आणि मग त्या कडेच्या आतल्या बाजूला मला सातवा बंगला दिसला.

आत गेलो. वानखेडे पुस्तकांच्या खोलीत होते. गुडघ्याइतका गाळ. भिंतीतल्या कपाटात पुस्तकं पाण्यानं फुगून अशी घट्ट बसली होती की एकही निघेना. ते एका पुस्तकाला दोन्ही हातांनी ओढत होते. पाठ तेवढी हातात आली, नंबरासकट. त्यांनी मान वर करून मला बघितलं.

"बरोबर आली बाप्पा तुमची रेघ," ते म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर त्याहून बरं. मला लाज वाटली, अशी लाज की पाय गाळातून निघेनात. मी काहीतरी बोललो, पंचनामा, अर्ज, कंपनीवर केस. त्यांनी पाठ फिरवली आणि दुसरं पुस्तक ओढायला घेतलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. दौंडात भाड्याची खोली घेतली, माझ्या जिन्याखालून रोज जायचे, सायकलची हवा पलीकडच्या चौकात भरायचे. टपरीवर कुणीतरी म्हणालं, "मास्तर, ती मलईची नक्कल करा की." मी चहा अर्धा टाकून उठलो.

कंपनीनं बोर्ड काढला नाही. त्यावरची साय उन्हानं आधी पिवळी आणि मग काळपट झाली. दिवाळी सरली तसं कानावर आलं की वानखेडे रोज सकाळच्या एसटीनं बंगल्यावर जातात. का, ते कुणाला कळेना. धुळाआबांनीच त्यांना पहिल्यांदा बोलावून नेलं होतं. म्हणाले होते, "सायेब, तुमच्या अंगनात हातभर मळई बसलीय. पोहायच्या टाक्यात तर कमरंइतकी हाय. आसली जमीन पडीक ठिवू नये, नदी रागावती."

उन्हाळ्यात एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वानखेडे. खांद्यावर हे एवढं कलिंगड. त्यांनी ते माझ्या नकाशाच्या टेबलावर ठेवलं, घाम पुसला आणि समोरच्या खुर्चीत बसले. मी उभाच राहिलो.

"पोहायच्या टाक्यातलं हाय," ते म्हणाले. "आबानं लावलं, म्या पानी घातलं." मग म्हणाले, "मास्तर, एक नवा शब्द शिकलो म्या. आमच्याकडं 'काळा'ले 'काया' म्हणतात, 'डोळा'ले 'डोया'. आबानं चार महिने घोकून घेतला माझ्याकडून." आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "म. ळ. ई."

मी मान खाली घातली.

"गावात सगळ्यायले माहीत होता हा शब्द. तुमाले बी. मंग मले काहून नाही सांगितला?"

वर्षभर मी उत्तरं तयार केली होती. नकाशात लिहिलं होतं. रेघ बरोबर होती. कंपनीनं फसवलं. "मला मजा वाटत होती," मी म्हणालो. "बन्सलची फजिती होतेय म्हणून मजा वाटत होती. तुम्ही विचारलंत तेव्हाही सवयीनं तोच विनोद केला, आणि मग सांगायला जीभ उचलली नाही. पुढचं कामही मिळणार होतं. चुकलो, वानखेडे. माझ्यामुळं तुमची पुस्तकं गेली."

वानखेड्यांनी टेबलावरचा माझा चाकू उचलला, जो मी पेन्सिलीला टोक करायला ठेवत असे, आणि कलिंगडाला लावला. आतून लालभडक निघालं. एक फोड माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. त्यांनीही खाल्ली. मी बिया खिडकीतून खाली थुंकणार तोच त्यांनी माझा हात धरला.

"ओ मास्तर! फेकू नका. धुऊन, वाळवून द्या मले. पुढच्या पुरानंतर लागतीन."

मी बिया धुतल्या आणि वाळत घालायला कागद शोधू लागलो. कप्प्यात सगळ्यात वर ते माहितीपत्रक होतं. उघडून खिडकीत ठेवलं आणि त्या पळणाऱ्या बाईवर, तिच्या कुत्र्यावर, सोळा बंगल्यांवर आणि माझ्या सहीवर बिया पसरल्या.